प्लॅनेट हंटर्स टेस: फुकटात ग्रह शोधा, पण नजर पक्की पाहिजे

तीन महिने झाले वापरतोय म्हणून लिहितो. झूनिव्हर्स म्हणून साइट आहे, जिथं साधी माणसं शास्त्रज्ञांना मदत करतात, तिथं आहे हे, एक रुपया लागत नाही, अकाउंट नाही काढलं तरी चालतं. नासाचा टेस उपग्रह 2018 ला वर गेला, तो आकाशाच्या एकेका पट्ट्याकडं साधारण 27 दिवस टक लावून बघतो आणि त्यातल्या एकेका ताऱ्याचा उजेड कसा कमीजास्त झाला त्याचा आलेख आपल्यापुढं येतो. नुसते ठिपकेच ठिपके. ग्रह ताऱ्याच्या आडवा गेला की उजेड जरासा पडतो, ती खाच हुडकायची आणि तिथं पट्टी ओढायची, बास.

ऐकायला सोपंय. पण गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापुढनं गेला तरी उजेड जेमतेम 1 टक्का पडतो, पृथ्वीएवढा असंल तर 0.01 टक्क्याच्या पण आत, म्हणजे विसराच. पहिल्या दिवशी मी दिसंल तिथं पट्ट्या ओढल्या. एकदा मस्त खोल खाचा सापडल्या, एक मोठी एक बारकी, परत मोठी परत बारकी, रात्रभर झोप नाही, आणि नंतर वाचल्यावर कळलं की ते एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे असतात, ग्रहबिह काय नाही.

अधनंमधनं ते मुद्दाम खोटी खाच घातलेला आलेख देतात आणि पट्टी ओढून झाल्यावर सांगतात की ही आम्हीच घातली होती. आधी डोकं फिरायचं, पण त्यानंच नजर बसली.

आमच्या अण्णांची हयात चादरीच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. एका रात्री मागं येऊन उभारले, "एवढं काय बघलालाय रे?" सांगितलं तर दोन मिनिटं बघितलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं, "हितं धागा सुटलाय की." मी पुढं ढकलणारच होतो तो आलेख. पट्टी ओढली, खोटी खाचच निघाली, पण जागा बरोब्बर तीच!

कॉम्प्युटर असताना माणूस कशाला, असं मला पण वाटायचं. तर सॉफ्टवेअर मुख्यतः परत परत येणारी खाच धरतं, लांबच्या कक्षेतला ग्रह 27 दिवसांत एकदाच आडवा आला तर तो निसटतो. टीओआय-813 बी नावाचा ग्रह असाच घरबसल्या लोकांनी धरला, 84 दिवसांत एक फेरी मारणारा, 2020 ला त्याचा पेपर पण आला.

फोनवर करू नका, लॅपटॉपच घ्या, बारीक खाच फोनवर दिसतच नाही. होटगी रोडच्या लाइटांमुळं गच्चीवरनं धड चार तारे दिसत नाहीत, पण ह्या साइटवर बाहेर ढग असले तरी काम चालू. नेट तेवढं पाहिजे, आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं नेमकं रात्री नऊला झोपतं.

5 पैकी 4 स्टार. एक कापला कारण पन्नास पन्नास आलेख कोरे जातात, ज्याला रील बघायची सवय त्याला जमणार नाही. अण्णांना विचाराल तर ते 5 देतील, आता जेवण झालं की चष्मा लावून तेच बसतात आणि माझा नंबर लागेपर्यंत साडेअकरा वाजतात.