स्टेशनचं वायफाय की मोबाइलचा हॉटस्पॉट?

कॉलेजसाठी रोज लोकल पकडणाऱ्या भाचीने विचारलं, फलाटावर लॅपटॉप उघडला तर कशाला जोडू?

खर्च: रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं स्टेशनवरचं वायफाय, ‘रेलवायर’, २०१६ साली मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा, की रोजची पहिली ३० मिनिटं फुकट. पुढे पैसे. हॉटस्पॉटला वेगळा खर्च नाही, पण आपला डेटा जातो. लॅपटॉपने मधेच अपडेट ओढायला घेतले की दिवसाचा दीड जीबी बघता बघता संपतो!

वेग: फुकटातला वेग १ एमबीपीएसच्या आसपास. ईमेल, पीडीएफला पुरतो, व्हिडिओला नाही. शिवाय त्याच नेटवर्कवर सगळी गर्दी. अर्थात गर्दीच्या वेळी मोबाइलचा टॉवरही दमतोच.

सुरक्षितता: खरा फरक इथे आहे. स्टेशनचं नेटवर्क बिनपासवर्डचं असतं. ओटीपी फक्त आत सोडतो. हवेतून जाणारी माहिती तो कुलूपबंद करत नाही. आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर (साइटने स्वतः लावलेलं कुलूप) असल्याने मजकूर झाकलेला राहतो, पण त्याच नावाचं खोटं नेटवर्क कोणीही उभं करू शकतो. पासवर्ड लावलेल्या हॉटस्पॉटवर मात्र लॅपटॉप ते फोन हा टप्पा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होतो.

बॅटरी: हॉटस्पॉट फोन तापवतो. चार्जर जवळ हवा.

नोट्स उतरवायच्या असतील, डेटा संपला असेल तर स्टेशनचं वायफाय घे. फी भरायची, बँक उघडायची किंवा ऑनलाइन परीक्षा द्यायची तर हॉटस्पॉटच.