मार्मारा समुद्राचा पहारा : ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मधले बायझंटियम

पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा गेम १३ ऑगस्ट २०१३ रोजी बाजारात आला आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्यात भर पडत राहिली. १४४४ ते १८२१ या काळासाठी नकाशावरचे कोणतेही राज्य निवडायचे आणि त्याचा खजिना, सैन्य, तह, धर्म, व्यापार हे सारे आपण सांभाळायचे, असे त्याचे स्वरूप आहे. फ्रान्स, कास्तील आणि खुद्द ऑटोमन साम्राज्य घेऊन मी तो पुष्कळ खेळलो. पण या गेमची खरी योग्यता मला बायझंटियम, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे उरलेसुरले राज्य, हाती घेतल्यावर कळली. म्हणून हे परीक्षण संपूर्ण गेमचे नाही. मरणपंथाला लागलेले एक साम्राज्य त्यात कसे जगवता येते, आणि तो अनुभव पैसे व वेळ देण्याजोगा आहे का, एवढाच त्याचा विषय आहे.

गेमचा पहिला दिवस ११ नोव्हेंबर १४४४ हा आहे. आदल्या दिवशी काळ्या समुद्राच्या काठी व्हार्ना येथे सुलतान दुसऱ्या मुरादने ख्रिस्ती फौजेचा पराभव केलेला असतो आणि पोलंड व हंगेरी या दोन्ही देशांचा तरुण राजा व्लादिस्लाव त्या रणात पडलेला असतो. या मोहिमेची मूळ योजना समजून घेतल्याशिवाय बायझंटियमचा डाव कळत नाही. मुराद आपल्या सैन्यासह आशियाच्या बाजूला असताना ख्रिस्ती आरमाराने युरोप व आशिया यांमधल्या सामुद्रधुन्या अडवायच्या आणि तेवढ्या अवधीत जमिनीवरून आलेल्या फौजेने युरोपातला ऑटोमन मुलूख सोडवायचा, असे ठरले होते. आरमाराला ते साधले नाही, मुराद बॉस्पोरस ओलांडून आला आणि सारे संपले. दुसऱ्या दिवशी खेळाडूसमोर जो नकाशा उघडतो, त्यात सम्राट आठव्या जॉन पॅलिओलोगसच्या हाती कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल), दक्षिण ग्रीसमधला मोरिया आणि मांडलिक म्हणून अथेन्स एवढेच उरलेले असते. भोवती सगळीकडे ऑटोमनांचा हिरवा रंग असतो आणि ज्याच्याकडे मदत मागावी त्या पोलंडच्या गादीवर राजाच नसतो.

या परिस्थितीतून बाहेर पडण्याचा जो मार्ग अनुभवी खेळाडू सांगतात, तो नेमका व्हार्नाच्या मोहिमेत फसलेलाच मार्ग आहे. मला या गेममधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. ऑटोमन सैन्य करामान किंवा अन्य कुठल्या शेजाऱ्याशी लढण्यासाठी अनातोलियात, म्हणजे आशियाच्या बाजूला, खोलवर गेले, की युद्ध पुकारायचे, दोन्ही खंडांमधल्या मार्मारा समुद्रात आपल्या गॅली (वल्ह्यांची युद्धजहाजे) उभ्या करायच्या आणि सुलतानाची फौज पलीकडेच अडकवून ठेवायची. मात्र यात एक बारीक नियम आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे माझे पहिले दोन डाव बुडाले. सामुद्रधुनीचे दोन्ही काठ शत्रूच्याच ताब्यात असतील, तर तिथे कितीही जहाजे उभी केली तरी त्याचे सैन्य पार होते. त्यामुळे दार्दानेल्स सामुद्रधुनीवरचे, युरोपच्या बाजूचे गॅलिपोली आधी घ्यावे लागते; ते पडेपर्यंत आरमाराचा पहारा अर्धवटच असतो. ऑटोमनांनी युरोपात पहिला पक्का पाय रोवला तो १३५४ मध्ये याच गॅलिपोलीत, भूकंपाने तिथले तट ढासळल्यानंतर. त्यांचा युरोपातला प्रवेश जिथून झाला, तेच ठिकाण त्यांना परतवण्यासाठी सर्वांत आधी लागते, हे पुस्तकात वाचून माहीत असणे वेगळे आणि नव्वद टक्के कर्ज काढून जमवलेले सैन्य त्या एका गावाभोवती बसवून दिवस मोजणे वेगळे.

कर्जाचा हा उल्लेख शब्दशः घ्यावा. बलाढ्य राज्य खेळताना कर्ज ही टाळण्याची गोष्ट असते. बायझंटियमला मात्र कर्ज काढल्याशिवाय उभेच राहता येत नाही, कारण महिन्याच्या उत्पन्नातून चार गॅली बांधायच्या म्हटल्या तरी वर्षे जातात आणि तेवढी वर्षे ऑटोमन देत नाहीत. म्हणून मिळेल तितके कर्ज उचलायचे, त्यातून गॅली बांधायच्या, भाडोत्री सैन्य नेमायचे आणि मुदत भरण्याच्या आत युद्धातून एवढे मिळवायचे की व्याज भागेल. भाडोत्री तुकड्यांचे मनुष्यबळ स्वतंत्र असते, त्यामुळे आपल्या तुटपुंज्या प्रजेतून माणसे काढावी लागत नाहीत. गॅली भूमध्य आणि काळ्या समुद्रासारख्या बंदिस्त समुद्रात अधिक चांगल्या लढतात, म्हणून मोठ्या जहाजांचा मोह सोडायचा. दुबळ्याला उशीर परवडत नाही आणि घाईही परवडत नाही, हे या गेमने हिशेबाच्या आकड्यांतून जितके स्पष्ट दाखवले आहे, तितके मी दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये पाहिलेले नाही.

माझ्या तिसऱ्या डावातला एक प्रसंग सांगतो. गॅलिपोली हाती आले होते, आरमार मार्मारामध्ये होते आणि ऑटोमनांची राजधानी असलेल्या एदिर्नेला वेढा पडला होता. वेढ्याच्या प्रत्येक टप्प्यावर गेम एक फासा टाकतो. त्यातून कधी आत अन्नटंचाई होते, कधी पाणी तुटते, कधी तट फुटतो आणि आकडा एक पडला तर वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत रोगाची साथ पसरते. माझ्या छावणीत सलग दोनदा साथ पसरली. आशियाच्या काठावर सुलतानाची फौज येऊन थांबलेली दिसत होती. तिच्या आकड्यापुढे माझे सैन्य निम्मेही नव्हते. दोघांच्या मध्ये फक्त काही गॅली होत्या आणि त्या दुरुस्तीअभावी हळूहळू खचत होत्या. त्यांना बंदरात नेले तर वाट मोकळी होणार होती, न नेले तर पुढच्या लढाईत त्या बुडणार होत्या. मी गेमचा वेग सर्वांत कमी केला आणि निम्मी जहाजे बंदरात, निम्मी पहाऱ्यावर, अशी पाळी लावून दिली. एदिर्ने पडले तेव्हा खजिन्यात एक महिन्याचा पगार उरला होता.

त्यानंतरच्या तहात बहुतेक जण शक्य तेवढा मुलूख मागतात. माझे मत वेगळे आहे. ज्या प्रांतांवर बायझंटियमचा जुना हक्क गेम मान्य करतो, ते आधी घ्यावेत, कारण त्यांना आपलेसे करण्याचा खर्च वाचतो आणि शेजाऱ्यांचा रोषही कमी ओढवतो. उरलेल्या वाटाघाटीत रोख रक्कम आणि युद्धाची भरपाई मागावी. कर्ज फिटले नाही, तर जिंकलेले बाल्कन दिवाळखोरीत हातचे जाते.

दोष मात्र मोठा आहे. पहिली दोन युद्धे जिंकली, की दुबळेपण जवळजवळ नाहीसे होते. साधारण १५०० पर्यंत बायझंटियम पुन्हा एक प्रबळ सत्ता बनते आणि पुढची तीन शतके केवळ विस्ताराची कारकुनी उरते. खरे बायझंटियम आतूनही पोखरलेले होते. १४३९ मध्ये फ्लॉरेन्स येथे रोमच्या चर्चशी झालेला समेट कॉन्स्टँटिनोपलच्या सामान्य जनतेला कधीच मान्य झाला नाही आणि मोरियात राजाचे भाऊच एकमेकांविरुद्ध उभे ठाकत. खेळताना मला या फुटीची धग फारशी जाणवली नाही. गेमच्या दृष्टीने दुबळेपण म्हणजे कमी पैसा आणि कमी सैन्य. माणसांचा मोडलेला विश्वास त्याच्या हिशेबात नीट बसत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘किंग ऑफ किंग्ज’ या वेगळ्या विकत घ्यायच्या जोडभागाने बायझंटियमसाठी सविस्तर मोहिमा दिल्या आहेत. त्या कल्पकतेने रचल्या आहेत, परंतु त्यांतून मिळणाऱ्या सवलती डाव सोपा करतात. मी तरी पहिला डाव त्यांच्याशिवाय खेळण्याचा सल्ला देईन.

खरेदीबाबत सांगायचे, तर मूळ गेम या अनुभवाला पुरेसा आहे. सारे जोडभाग एकदम घेतल्यास खर्च बराच होतो. त्यासाठी मासिक वर्गणीचाही पर्याय आहे. गेम मराठीत किंवा हिंदीत नाही आणि त्यातला इंग्रजी मजकूर प्रचंड आहे, हे नवख्याने ध्यानात घ्यावे. मराठी खेळाडूला बहमनी सुलतानीच्या मुलखातून मराठा राज्य उभे करण्याची ओढ साहजिकच वाटेल, आणि गेममध्ये ते शक्यही आहे. पण तो डाव वेगळ्या जातीचा आहे, त्यात पहिल्याच दिवशी गळ्याशी तलवार नसते.

ज्यांना बायझंटियमच हवे असेल, त्यांनी पहिली पाच वर्षे घड्याळ थांबवत थांबवत खेळावीत, दर काही दिवसांनी ऑटोमन फौज कुठे आहे ते पाहावे आणि एकच सेव्ह ठेवणारा कठोर प्रकार किमान दोन पराभव पचवल्यानंतरच चालू करावा. गॅलिपोली पडण्याआधी जहाजे मार्मारात उभी करून निर्धास्त राहू नये.