साधं दिसतं तेच मागवा: मैत्रिणीच्या ओव्हनमधलं धोंडस, नानकटाई आणि बाकीचं

आधीच सांगते, ही बाई माझी मैत्रीण आहे. सकाळी डोंबिवलीला एकाच लोकलच्या लेडीज डब्यात चढतो आणि तिच्या हातचं गोड आमचा अख्खा ग्रुप वर्षानुवर्षं फुकट खात आलाय. आता ती घरून ऑर्डर घेते, म्हणून मीही रीतसर पैसे देऊन मागवते. फुकटचं खाताना 'मस्त झालंय गं' एवढंच म्हणता येतं. पैसे दिल्यावर तोंड जरा मोकळं होतं.

सुरुवात धोंडसापासून, कारण तेच तिचं खरं काम आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाळ्याच्या शेवटी मिळणारं मोठं, जून तवसं म्हणजे काकडी किसायची, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं शिजवायचं आणि मग भाजायचं. अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही. कोकणात जाड बुडाच्या पातेल्यात हे मिश्रण भरून चुलीवर ठेवत आणि झाकणावरही निखारे पसरत, म्हणजे खालून-वरून सारखी धग. मैत्रीण मूळची मालवणकडची. आजीचं पातेलं तिच्याकडे अजून आहे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत निखारे कुठून आणणार? ओटीजीला, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनला, खाली एक आणि वर एक रॉड असतो, तेच तिचे निखारे. आधी दोन्ही चालू, १८० अंशांवर. शेवटची काही मिनिटं फक्त वरचा. त्यामुळे वर गुळाचा काळपट, खरपूस थर धरतो. तळाला हळदीचं पान घालते. ते सोलून काढताना जो वास येतो, त्यातच निम्मे पैसे वसूल.

केक म्हणून खायला जाल तर फसाल. हे फुगत नाही, स्पंजासारखं दबत नाही, दाताला दाणेदार लागतं. काळ्या विटेसारखं दिसतं म्हणून माझ्या मुलाने आधी हातच लावला नाही. सासूबाई विदर्भातल्या. 'काकडीचं गोड?' म्हणून त्यांनी नाक मुरडलं आणि संध्याकाळी चहाबरोबर स्वतःच डबा उघडला. ज्या दिवशी येतं त्या दिवशी खाऊ नका. रात्रभर गूळ मुरला की दुसऱ्या दिवशी थोडं गरम करून वर साजूक तूप. एक सूचना मात्र हवीच. तवशाचा मोसम संपल्यावर ती साध्या काकडीचं करून देते, ते पाणचट होतं. तेव्हा मागवू नका. तिलाही मी हेच सांगितलंय, तर म्हणते, 'लोक मागतात गं, नाही कसं म्हणू?' नाही म्हणणं तिला जमत नाही, हा या धंद्यातला तिचा सगळ्यात मोठा दोष.

नानकटाई. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन आम्ही गल्लीतल्या बेकरीत जायचो. भट्टीच्या पत्र्यावर आपली नानकटाई लागेपर्यंत तिथेच बसायचं आणि घरी येईस्तोवर डबा अर्धा करायचा. त्या नानकटाईला भेगा छान पडायच्या, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसायचा. तो डालड्याचा. ही साजूक तूप वापरते. तूप उष्णतेला लवकर सुटतं, म्हणून नुसतं थापून ओव्हनमध्ये टाकलं तर नानकटाई पसरून चपटी होते. त्यावर तिचा उपाय असा: तूप आणि पिठीसाखर हलकी पांढरी होईपर्यंत फेटायची, पिठात थोडं बेसन घालायचं, गोळे करून ताट फ्रीजमध्ये ठेवायचं आणि गार गोळेच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायचे. भेगा पडतात, आकार राहतो आणि टाळू स्वच्छ. वेलदोडा स्वतः कुटते, तो चवीला लगेच कळतो. अर्धा किलोला साडेतीनशे रुपये घेते. तुपाचा भाव बघता ती स्वतःलाच फसवतेय, पण माझं ऐकते कुठे.

मावा केकही चांगला आहे. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या १९१४ सालच्या मेरवान या इराणी कॅफेचा मावा केक ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना हा जरा जड वाटेल, कारण खवा हात सैल सोडून घातलेला असतो. मला जडच आवडतो. यात अंडं असतं, तसं विचारण्याआधीच सांगते आणि बिनअंड्याच्या पदार्थांची भांडी वेगळी ठेवते. नाताळात बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड पदार्थ, करते. प्रत्येक थर नुसत्या वरच्या रॉडवर भाजायचा आणि मग त्यावर पुढचा ओतायचा. सात थरांत तिचा अख्खा रविवार जातो. थोडीच करते, त्यामुळे वशिला लागतो.

आता क्रीमचे वाढदिवसाचे केक. हे मात्र नको. दिसतात सुंदर, गुलाबाच्या पाकळ्या तर अशा काढते की बघत राहावं. पण मुंबईच्या उकाड्यात टिकावं म्हणून वापरतात ते क्रीम दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं आणि मुळातच गोड येतं. त्याखाली तिचा चांगला स्पंज हरवतो. शिवाय वर जे चॉकलेट असतं ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं तेल असलेलं. हा तिचा एकटीचा दोष नाही, बहुतेक बेकऱ्यांत हेच चालतं. पण मग तिच्याकडूनच का घ्यायचं?

बाकी व्यवहाराचं. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर खोक्यावर छापलेला असतो, तारीख हाताने लिहिते. खोकं पातळ आहे, तूप बाहेर येतं; लोकलमधून नेणार असाल तर खाली स्टीलची ताटली घ्या, नाहीतर पर्सला डाग. ऑर्डर गुरुवारपर्यंत व्हॉट्सॲपवर, उत्तर यायला रात्र होते, कारण बाई दिवसभर नोकरी करते. घरपोच देत नाही. आणि ऑर्डर घ्यायला गेलात की काहीतरी नवीन हातावर ठेवून 'चाखून सांग' म्हणते, पैसे न घेता. मागच्या वेळी ज्वारीच्या पिठाची बिस्किटं होती, कोरडी ठक्क. तोंडावर सांगितलं तर तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

दिवाळीची नानकटाई हवी असेल तर दसऱ्याच्या आत सांगा, नंतर ती 'हो' म्हणेल आणि रात्री दोनपर्यंत जागून करेल. वाढदिवसाला क्रीमचा केक कापायचाच असेल तर कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणा आणि पाहुण्यांच्या बशीत बाजूला हिचा मावा केक ठेवा.