दूधसागरच्या नावाखाली १८,६०० रुपये गेले

सांगली-मिरजेहून रेल्वेने गोव्याला निघालेल्यांना 'वाटेत दूधसागरला उतरवतो, जीपने धबधबा दाखवतो, दुपारच्या गाडीने पुढे मडगाव' असं पॅकेज कुणी विकत असेल, तर त्याला दमडीही देऊ नका. आमच्या चौघांचे माणशी ४,६५० प्रमाणे १८,६०० गेले. १०,००० बुकिंगला, ८,६०० निघायच्या आदल्या संध्याकाळी. दोन्ही वेळा यूपीआयने, आणि खातं ट्रॅव्हल्सचं नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचं. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव वाचा.

आम्ही आंधळेपणाने पैसे दिले नाहीत. पीएनआर तपासला होता. तो खरा होता, जातानाचे आणि येतानाचे चारही बर्थ कन्फर्म. खऱ्या पीएनआरनंतर संशय कोण घेतो? पण या लोकांचा डाव त्यावरच चालतो. तिकीट त्यांच्या आयडीवरून काढलेलं असतं, त्यामुळे रद्दही तेच करतात आणि परतावा त्यांच्याच खात्यात जमा होतो. आमचं परतीचं तिकीट आम्ही घाट उतरत असतानाच रद्द झालं होतं. पीएनआर निघायच्या दिवशी पुन्हा बघा, परतीचाही.

तिकिटाचा जो फोटो आला, त्यात भाड्याची ओळ कापलेली होती. ती दिसली होती, 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिली. आजही झोप उडवते ती ही गोष्ट. भाडं आणि घेतलेली रक्कम शेजारी ठेवली असती, तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

दुसरी चूक वेळेची. रात्री मिरज सोडणारी गाडी लोंढा, कॅसलरॉक करून घाट उतरते ती अंधारात. खिडकीतून धबधबा दिसणार कसा, हा साधा प्रश्न सुचला नाही. बरं, दूधसागरला गाडी तांत्रिक कारणाने थांबली तरी उतरायला बंदी आहे. रुळांवरून चालणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जीप सुटते घाटाखालच्या कुळे स्टेशनवरून, तीही अभयारण्यातून ओढे ओलांडत जाते. पावसात ओढ्यांना पाणी चढतं, म्हणून जूनपासून साधारण सप्टेंबरअखेर ती बंद असते. आम्हाला जुलैची तारीख विकली! कुळेला उतरलो तेव्हा जीप नाही, पॅकेज विकणाऱ्याचा फोन बंद.

'ब्रेक जर्नीचा नियम आहे, वाटेत उतरून त्याच तिकिटावर पुढे जाता येतं' हेही त्याने ठासून सांगितलं होतं. नियम आहे, पण ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटाला, आणि पहिले ५०० पार केल्यावर. मिरज ते मडगाव ३०० सुद्धा नाही.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठाण्यात म्हणाले, प्रकार गोव्यात घडला, तिकडे जा. अरे, पैसे सांगलीत बसून दिलेत! दुसरीकडे म्हणाले, हा रेल्वेचा विषय. रेल्वेवाल्यांनी सांगितलं, तिकीट खरं आहे, तुम्ही प्रवास केलात, आमची तक्रार काय? मग पुन्हा पहिल्या ठाण्यात, तिथे 'हा दिवाणी मामला'. तीन आठवड्यांत सहा खेटे, प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज, नव्या झेरॉक्स, आणि वर 'शिकलेली माणसं तुम्ही, असे कसे फसलात' हे ऐकून घ्यायचं. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. कलमाचा आकडा सांगितल्यावर साहेब उठून चहाला गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच तासात करा. आम्ही लाजेपायी दोन दिवस घरात बोललो नाही, तोवर खातं रिकामं झालं होतं. चॅट पुसू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. तो आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. १८,६०० पैकी अजून एक रुपयाही हाती आलेला नाही.