झुडपी बेडकांच्या नजरेतून ‘अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने उपलब्ध करून दिलेली ‘अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’ ही उभयचरांची जागतिक नामसूची इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. डॅरेल फ्रॉस्ट यांनी संपादित केलेला याच नावाचा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला होता आणि आजची सूची हे त्याचेच सतत सुधारले जाणारे रूप आहे. अशा सूचीचा कस सर्वपरिचित मोठ्या बेडकावर लागत नाही, तो लागतो बोटाच्या पेराएवढ्या झुडपी बेडकांवर, कारण त्यांची नावे गेल्या काही दशकांत वारंवार बदलली आहेत. म्हणून मी आंबोलीचा झुडपी बेडूक, म्हणजे स्यूडोफिलॉटस आंबोली, आणि त्याच परिसरात आढळणारा रावॉर्केस्टिस बॉम्बेएन्सिस या दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

वर्गीकरणाच्या बाबतीत या सूचीला तोड नाही. उभयचरांचे संशोधक एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसूट यांनी २००९ मध्ये एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातील १२ नव्या जातींचे वर्णन केले, त्यांत आंबोलीचा हा बेडूक ‘फिलॉटस आंबोली’ या नावाने आला. पुढे तो स्यूडोफिलॉटस या वंशात (जवळच्या जातींच्या गटात, म्हणजे ‘जीनस’मध्ये) गेला. या वंशाच्या बहुतेक जाती श्रीलंकेत आहेत आणि भारतात मोजक्याच. पश्चिम घाटातील इतर बहुतेक झुडपी बेडकांसाठी २०१० मध्ये रावॉर्केस्टिस हा नवा वंश स्थापन झाला, ज्याच्या नावात भारतीय उभयचर-अभ्यासक सी. आर. नारायण राव यांचे स्मरण आहे. दिसायला इतके सारखे, एकाच ऱ्हॅकोफोरिडी कुलातले हे दोन शेजारी दोन वेगळ्या वंशांत कसे गेले, हे प्रत्येक जुन्या नावासह, ते देणाऱ्या संशोधकासह आणि सालासह क्रमाने मांडलेले आहे. शोधचौकटीत जुने नाव टाकले तरी नेमकी नोंद उघडते आणि जुने अहवाल वाचणाऱ्याचा मोठा वेळ वाचतो.

प्रदेशाच्या माहितीत मला सर्वांत मोलाची वाटली ती प्ररूप-स्थळाची ओळ, म्हणजे ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले त्याचा उल्लेख. बॉम्बेएन्सिस हे नाव वाचून कोणी हा बेडूक मुंबईचा समजेल. परंतु प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये त्याचे वर्णन केले ते कॅसल रॉक येथील नमुन्यांवरून. हे ठिकाण तेव्हा मुंबई इलाख्यातील उत्तर कानडा जिल्ह्यात होते आणि आज ते कर्नाटकात आहे.

अधिवासाविषयी मात्र सूची जवळजवळ मौन बाळगते आणि ही उणीव लहान नाही. या दोन्ही वंशांतील बेडकांना पाण्यात वाढणारे डिंभ, म्हणजे शेपटीवाली पिले, नसतात. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्यामुळे त्यांचे जगणे डबक्यावर नव्हे, तर पावसाळ्यातील दमट हवेवर, ओल्या पालापाचोळ्यावर आणि खुरट्या झुडपांवर अवलंबून असते. आंबोलीचे धुके आणि धो धो पाऊस ध्यानात घेतल्याशिवाय हा बेडूक तिथे का आहे हे उमगत नाही, आणि नुसती नोंद वाचून बाहेर पडलेला हौशी निरीक्षक त्याला तळ्याकाठी शोधत बसण्याचीच शक्यता अधिक. छायाचित्रे आणि आवाजही येथे नाहीत. झुडपी बेडकांच्या एकाच जातीत रंगांचे इतके प्रकार आढळतात की प्रत्यक्ष ओळख पुष्कळदा नराच्या हाकेवरूनच पटते. म्हणून रानात ओळख पटवायला ही सूची पुरेशी नाही. त्यासाठी अँफिबियावेब किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही संकेतस्थळे पाहावीत, आणि संवर्धन-स्थितीसाठी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेची लाल यादी.

मजकूर केवळ इंग्रजीत आहे आणि संक्षेपांनी भरलेला आहे, त्यामुळे नवख्या वाचकाला सुरुवातीला तो रुक्ष वाटेल. तरीही टिप्पणीचा भाग वगळू नये: कोणी कोणते नाव अमान्य केले आणि कोणत्या आधारावर, हे तिथेच सापडते. नोंदी प्रसिद्ध झालेल्या संशोधनावर उभ्या असतात, वाचकांनी पाठवलेल्या निरीक्षणांवर नाही, आणि नामसूचीसाठी माझ्या मते हेच योग्य आहे. लेख, प्रबंध किंवा जैवविविधता नोंदवही लिहिणाऱ्याने बेडकाचे नाव छापण्यापूर्वी ते येथे एकदा अवश्य पडताळून घ्यावे.