तुओल स्लेंग म्युझियम, नॉम पेन: सुट्टीत मूड खराब होतो, तरी जाच

कंबोडियाला जाणारे आपले बहुतेक लोक सिएम रीपला उतरतात, अंकोर वाट बघतात, सूर्योदयाचे फोटो टाकतात आणि परत येतात. आमच्या टूरमध्ये नॉम पेन होतं, पण त्यात राजवाडा, मार्केट आणि संध्याकाळची बोट एवढंच. तुओल स्लेंगचं, म्हणजे ख्मेर रूज राजवटीतल्या तुरुंगाच्या म्युझियमचं, विचारलं तर टूरवाल्याचं उत्तर, "मॅडम, पन्नास वर्षांपूर्वीचं ते सगळं, सुट्टीत मूड कशाला घालवायचा." ग्रुपमधल्या एका काकांचंही तेच, झालं गेलं गंगेला मिळालं, देश पुढे गेलाय आता. मग आम्ही चौघं बोट सोडून तिकडे गेलो. हा रिव्ह्यू त्या काकांसाठीही आहे.

आधी व्यवहाराचं. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ उघडं असतं. परदेशी माणसाला तिकीट ५ डॉलर आणि ऑडिओ गाइडचे वेगळे ५ डॉलर. आपण लगेच रुपयात हिशोब करतो आणि ऑडिओ सोडतो, तसं इथे करू नका, कारण आत पाट्या कमी आणि खोल्या जास्त, ऑडिओ नसेल तर तुम्ही नुसत्या रिकाम्या वर्गांतून फिरून बाहेर याल. मराठी अर्थातच नाही, इंग्रजी सोपं आहे. खांदे झाकणारे कपडे घाला. हसू नका अशी पाटी आहे, हसऱ्या चेहऱ्यावर फुली मारलेली, आणि लावावी लागली म्हणजे गरज पडली असणारच ना. २०१६ मध्ये तर इथे पोकेमॉन गो खेळणाऱ्यांना बंदी करावी लागली होती.

जागा म्हणजे एक हायस्कूल. चार इमारती, तीन मजली, मध्ये मैदान, लांब व्हरांडे, आपल्या झेडपीच्या मोठ्या शाळा असतात अगदी तशीच. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजनी, म्हणजे पोल पॉटच्या कट्टर कम्युनिस्टांनी, नॉम पेन घेतलं आणि काही दिवसांत सगळं शहर रिकामं करून लोकांना शेतांवर हाकललं, हॉस्पिटलमधले पेशंटसुद्धा सोडले नाहीत. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, देऊळ बंद. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजांनी येऊन त्यांना हाकललं तोपर्यंत साधारण १७ ते २० लाख माणसं गेली होती, उपासमारीने, रोगाने, कामाने आणि सरळ सरळ मारून, आणि देशाची लोकसंख्याच मुळात ८० लाखांच्या आसपास. या शाळेचा एस-२१ नावाचा तुरुंग झाला. इथे किमान १२ हजार, काही अंदाजांप्रमाणे १८ हजार किंवा जास्त माणसं आणली गेली आणि त्यातली जिवंत राहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

पहिली ए इमारत. वर्गात एक लोखंडी पलंग, गादी नाही, बेड्या, आणि भिंतीवर एक मोठा काळा-पांढरा फोटो. फोटो त्याच पलंगाचा, जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी लोकांना सापडला तसा, म्हणजे माणसासकट. खाली फरशी तीच, पिवळी-पांढरी चौकटीची. तुम्ही फोटोतली फरशी बघता आणि मग स्वतःचे पाय बघता. अशा चौदा मृतदेहांच्या समाध्या बाहेर आवारात आहेत.

सी इमारतीत वर्गांच्या मधल्या भिंती फोडून दारं केलीत आणि आत विटांच्या खोपट्या बांधल्यात, वरच्या मजल्यावर लाकडी. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. काही वर्गांत फळा तसाच आहे. व्हरांड्याला बाहेरून काटेरी तार लावलीय, ती कोणी पळून जाऊ नये म्हणून असेल असं आधी वाटतं, ऑडिओ सांगतो की कैद्याने वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून आहे, म्हणजे मरायचं पण यांनी सांगितल्यावरच, आधी कबुलीजबाब, मग मरण. कबुलीजबाब टाइप व्हायचे, आणि चुम मेई नावाचा मेकॅनिक वाचला तो टाइपरायटर, शिलाई मशीन दुरुस्त करता यायचं म्हणून. वान नाथ आणि बौ मेंग वाचले कारण त्यांना पोल पॉटची चित्रं काढता यायची. वान नाथने नंतर त्याच हाताने इथल्या छळाची चित्रं काढली, ती डी इमारतीत आहेत. चुम मेई आणि बौ मेंग वर्षानुवर्षं आवारात टेबल टाकून आपली पुस्तकं विकत बसायचे.

बी इमारतीतले फोटो मात्र वेळ काढून बघा. आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायची पद्धत होती, सरकारी ऑफिसातल्या ओळखपत्रासारखा, छातीवर नंबर. एका बाईच्या हातात तान्हं बाळ आहे. रांगेने चेहरे, पोरं, म्हातारे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवून बघा, यातले खूपसे कैदी स्वतः ख्मेर रूजचेच कार्यकर्ते होते, पक्षाला आपल्याच माणसांचा संशय यायला लागला तसे आत आले. पहारेकरीही पंधरा-सोळाची पोरं, तीही कधीकधी भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला गेली. हे सगळं माझ्या मते आणखी ठळक सांगायला हवं होतं, कारण बळी आणि मारेकरी अशी स्वच्छ वाटणी करून बाहेर पडलं की आपल्याला फार बरं वाटतं. अर्धा स्टार इथे कापला. २०२१ मध्ये एका आयरिश कलाकाराने यातले काही फोटो रंगीत केले आणि चक्क काहींच्या ओठांवर हसू काढलं, कंबोडियात केवढा संताप झाला, शेवटी ते काढावं लागलं. झालं गेलं असतं तर कोणाला राग आला असता का?

बरं, आता मुख्य. "जुनं उकरून काय उपयोग" म्हणणाऱ्यांना वाटतं की म्युझियम म्हणजे भूतकाळाचं गोडाऊन. ही जागा पहिल्या दिवसापासून वर्तमानासाठीच उघडलेली आहे. म्युझियम उभं केलं ते माई लाम नावाच्या व्हिएतनामी कर्नलने, १९७९-८० मध्येच, आणि त्यामागे जगाला दाखवणं हा हेतू होता की बघा, आम्ही का घुसलो. इथे एका भिंतीवर माणसांच्या कवट्यांचा बनवलेला कंबोडियाचा नकाशा होता, २००२ मध्ये काढला. आवारात दहा नियमांची एक पाटी आहे, त्यात चाबूक खाताना किंवा शॉक देताना अजिबात रडायचं नाही असा एक नियम आहे, सगळे तिचाच फोटो काढतात. या तुरुंगाचा प्रमुख डुक, मूळचा गणिताचा मास्तर, २००९ मध्ये कोर्टात म्हणाला की ते नियम आमचे नाहीतच, व्हिएतनामी लोकांनी नंतर लिहिले. मारेकऱ्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण खोल्या खऱ्या, पलंग खरे, हजारो कबुलीजबाब खरे आणि तरी त्याभोवतीची गोष्ट कोणी सांगायची यावर भांडण, हे दोन्ही एकाच आवारात दिसतं.

आणि जगाने काय केलं? व्हिएतनामला, म्हणजे पर्यायाने रशियाला, विरोध म्हणून चीन, अमेरिका वगैरेंच्या पाठिंब्यावर कंबोडियाची युनोमधली खुर्ची १९७९ नंतरही वर्षानुवर्षं ख्मेर रूजच्याच बाजूला राहिली. भारताने १९८० मध्ये व्हिएतनामने बसवलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा ते करणारे कमी होते. पुढे अंकोर वाटच्या दुरुस्तीला आपले पुरातत्त्व खात्याचे लोक गेले ते याच काळात. अंकोरला "इंडियाने रिपेअर केलं" म्हणून कॉलर ताठ करणाऱ्यांनी ही बाजूही बघावी.

न्यायाचं तर विचारूच नका. पोल पॉट १९९८ मध्ये मेला, खटला न होताच म्हणायचा, आपल्याच लोकांनी नजरकैदेत ठेवलं होतं तेवढंच. युनोच्या मदतीचं कोर्ट २००६ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये संपलं, ३० कोटी डॉलरच्या वर खर्च आणि शिक्षा झाली तिघांना. डुकला आधी ३५ वर्षं, मग अपीलमध्ये जन्मठेप, २०२० मध्ये तो गेला. तीनच का, तर आणखी खटले नकोत असं सरकारचंच म्हणणं होतं, पुन्हा यादवी पेटेल म्हणून. तिथे हुन सेन स्वतः ख्मेर रूजचा बटालियन कमांडर होता, १९७७ मध्ये व्हिएतनामला पळाला, १९८५ मध्ये पंतप्रधान झाला आणि २०२३ मध्ये खुर्ची मुलाला दिली. व्हिएतनामच्या मदतीने सत्तेवर आलेल्या या सत्ताधारी पक्षाचं मोठं भांडवल आजही ७ जानेवारी, आम्ही नसतो तर तुम्ही नसता. २०२५ मध्ये ख्मेर रूजचे गुन्हे नाकारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद असा कायदा झाला. ऐकायला चांगला आहे, पण जिथे विरोधी पक्षच धड उरू दिलेला नाही तिथे असा कायदा कोणावर वापरला जाईल याची काळजी वाटणारे लोक आहेत, आणि मला ते वेडे वाटत नाहीत.

आमचा टुकटुकवाला तिशीतला, म्हणजे त्याने यातलं काही बघितलेलं नाही, अर्ध्याहून जास्त देशाने बघितलेलं नाही. तो म्हणाला आमच्या घरात ७ जानेवारीवरून दोन पार्ट्या, वडील म्हणतात त्या दिवशी जीव वाचला, काका म्हणतात त्या दिवशी व्हिएतनाम येऊन बसला ते दहा वर्षं हलला नाही. जेवताना तो विषय काढायचा नाही असा आईचा नियम.

मला हे फार ओळखीचं वाटलं, कारण माझं माहेर धाराशिवकडचं. रझाकारांच्या गोष्टी आजीकडून ऐकत मोठे झालो, १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा. पण पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत आमच्याच जिल्ह्यात, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याकडे मुसलमानांचं काय झालं हे मला चाळिशीनंतर कळलं. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती, तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा, आणि तो अहवाल कित्येक दशकं फाइलीत पडून होता. दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या, एकीला हुतात्मा स्मारक आहे, दुसरीला साधी फरशीसुद्धा नाही. हे लिहिलं की लोक विचारतील तू कोणाच्या बाजूची, विचारू देत.

चोउंग एक हे वधस्थळ पण करा, शहरापासून साधारण १५ किलोमीटर, ग्रॅब अ‍ॅपवर टुकटुक मिळते. आम्ही गेलो तेव्हा तिकीट आणि ऑडिओ मिळून ६ डॉलर होते. एस-२१ मधून ट्रकने आणून इथे मारायचे, गोळ्या वाचवायच्या म्हणून काठ्या, कुदळी. इथला ऑडिओ तुओल स्लेंगपेक्षा सरस आहे, एका झाडापाशी लाउडस्पीकरवरची क्रांतिगीतं आणि जनरेटरचा आवाज एकत्र ऐकवतात, किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून लावायचे तो आवाज. पावसाळ्यानंतर अजूनही जमिनीतून कपड्यांच्या चिंध्या, हाडं वर येतात, पायाखाली बघून चाला. स्तूपात पाच हजारांवर कवट्या. ही जागा २००५ मध्ये तीस वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला चालवायला दिली हे कळल्यावर मला कसंतरी झालं, पण ठेवलीय नीट. २०२५ मध्ये दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, म्हणजे गर्दी वाढणार.

आधी तुओल स्लेंग, मग चोउंग एक, हा क्रम बदलू नका. दोन्ही एका दिवसात होतं, पण त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. तुओल स्लेंगला लिफ्टच्या भरवशावर जाऊ नका, जिने आहेत, गुडघेवाल्यांनी तळमजले आणि आवार केलं तरी चालेल. बारा-तेरा वर्षांच्या आतली मुलं नेऊ नका, मोठ्यांना न्या आणि आधी घरी थोडं सांगून न्या. तुओल स्लेंग साडेचार स्टार, चोउंग एक साडेचार, आमच्या टूरवाल्याला दोन, तेही जेवण चांगलं होतं म्हणून.