गायकासोबत गायचे की गायकाच्या जागी? घरच्या कराओकेसाठी सेवा निवडताना

चवथीच्या दिवसांत आरत्या आणि फुगड्या आटोपल्यावर गोव्यातल्या अनेक मराठी घरांत गाण्याची बैठक बसते. पूर्वी अशा वेळी पेटीवर बसणारे कोणीतरी घरातच असे. आता ती साथ बहुधा फोनकडून अपेक्षिली जाते. फोंडा आणि डिचोली भागातल्या ओळखीच्या तीन कुटुंबांनी या वर्षी मला एकच प्रश्न विचारला : कराओकेसाठी इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कोणत्या सेवेची वर्गणी भरावी? गाणाऱ्याला मूळ गायकासोबत गायचे आहे की त्याच्या जागी उभे राहून गायचे आहे, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही असे माझे मत आहे, कारण या दोन गरजांसाठी दोन वेगळी साधने लागतात आणि एकाकडून दुसरीची अपेक्षा केली की पैसेही जातात आणि हिरमोडही होतो.

सोबत गाण्यासाठी सध्या सर्वांत नेटकी सोय ॲपल म्युझिकची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘ॲपल म्युझिक सिंग’मध्ये गाणे चालू असतानाच मूळ गायकाचा आवाज पडद्यावरची पट्टी सरकवून कमी करता येतो, शब्द गायले जातील तसतसे उजळत जातात आणि युगुलगीतात दोन गायकांच्या ओळी पडद्याच्या दोन बाजूंना दिसतात. आवाज वेगळा करण्याचे काम यंत्रातच होत असल्यामुळे त्याला तेवढे ताकदवान यंत्र लागते : आयफोन ११ किंवा त्यापुढचा फोन, अथवा दूरचित्रवाणी संचासाठी २०२२ चा ॲपल टीव्ही ४के. घरात सगळे अँड्रॉइड फोन असतील, तर केवळ या सोयीसाठी ही वर्गणी भरू नये. आवाज पूर्णपणे नाहीसा होत नाही, तळाशी त्याची छाया राहते, हेही आधीच जाणून घ्यावे. नवख्या गाणाऱ्याला ती छाया आधाराची वाटते. ज्याला स्वतःच्या जागा घ्यायच्या आहेत, त्याला ती प्रत्येक समेवर खटकते.

आपल्या आवडीच्या गाण्यांच्या बाबतीत येथे थोडे थांबले पाहिजे. गायकाचा आवाज काढण्याची जुनी युक्ती अशी होती की डाव्या आणि उजव्या बाजूचे ध्वनी एकमेकांतून वजा करायचे, म्हणजे दोन्हीकडे सारखाच असलेला मधला आवाज, जो बहुधा गायकाचा असतो, तो गळून पडतो; मात्र जुनी मराठी ध्वनिमुद्रणे बहुतांशी मोनो आहेत, दोन्ही बाजू एकसारख्याच, त्यामुळे वजाबाकीनंतर हाती काहीच उरत नसे. नवी पद्धत संगणकाला असंख्य उदाहरणांवरून मानवी आवाजाची ओळख शिकवते. डीझर या कंपनीने २०१९ मध्ये असे ‘स्प्लीटर’ हे साधन सर्वांसाठी खुले केले. मोनो मुद्रणही त्यातून सुटे होते, हा मोठाच लाभ आहे. तरीही नाट्यगीतात पेटी गायकाच्या मागे स्वरास्वरावर चालते, सारंगी तर गळ्यासारखीच बोलते, आणि त्यामुळे आवाज काढताना या वाद्यांचाही काही भाग खरवडला जातो. तबला बहुतेक शाबूत राहतो. शिवाय आलाप आणि तानांना शब्द नसतात; दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी ज्या मंगेशीचे, त्या परिसरात वाढलेल्या श्रोत्याला जी तान गाण्याचा प्राण वाटते, तिच्या काळात पडद्यावर एकच ओळ स्तब्ध उभी असते. भावगीते आणि साधे अभंग मात्र या सोयीवर फार छान गाता येतात.

स्पॉटिफायचे बळ गीतांच्या ओळींत आहे. ही सेवा २०१९ पासून भारतात आहे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने म्युझिक्समॅच या इटालियन कंपनीच्या सहकार्याने चालत्या गाण्याबरोबर सरकणारी गीते जगभर दिली. २०२२ मध्ये आवाज ऐकून गुण देणारी कराओकेची सोयही काही वापरकर्त्यांना दिसली, पण तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. २०२४ मध्ये मोफत वापरणाऱ्यांसाठी गीते काही काळ मर्यादित करण्यात आली होती आणि नंतर पुन्हा मोकळी झाली. अशी सोय कंपनीच्या मर्जीवर असते. मराठी गाण्यांच्या ओळी कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी मुळीच नसतात, आणि माझ्या घरातल्या ज्येष्ठांना रोमन लिपीतले मराठी गाता गाता वाचणे अवघड जाते. म्युझिक्समॅचवर गीते भरणे आणि वेळेशी जुळवणे हे काम मुख्यत्वे लोकच करतात. तेव्हा आपल्या घरात हमखास गायली जाणारी पाच-दहा गाणी आपणच शुद्ध देवनागरीत जुळवून द्यावीत. त्याचा उपयोग सर्व मराठी श्रोत्यांना होईल.

गायकाच्या जागी उभे राहायचे असेल, तर प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाण्याच्या मूळ स्वराच्या उंचीचा आहे, आणि वरील दोन्ही सेवा तेथे तोकड्या पडतात. मूळ गाणे काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वरात असेल आणि आपल्या मावशीचा गळा काळी तीनमध्ये मोकळा होत असेल, तर साथ चार अर्धस्वर खाली आली पाहिजे; मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीतच गाण्याची सक्ती झाली, तर तिच्यासारखी उत्तम गाणारी बाईही अंतऱ्यात दमते. कराओकेचा उगमच या गरजेतून झाला, याची मला येथे आठवण होते. जपानमधल्या कोबे येथील वादक दाइसुके इनोउए याला एका ग्राहकासोबत सहलीला जाता येणार नव्हते, म्हणून त्याने त्या ग्राहकाच्या गाण्याच्या सवयीला जुळेल अशी साथ टेपवर मुद्रित करून दिली, आणि पुढे १९७१ मध्ये आपले पहिले यंत्र तयार केले.

यूट्यूबवर मराठी गाण्यांच्या साथीचे नव्याने वाजवलेले ट्रॅक विपुल आहेत, काहींवर पट्टीही लिहिलेली असते आणि पैसे लागत नाहीत. तेथे गती बदलता येते, पट्टी बदलता येत नाही, आणि दर्जा ट्रॅकगणिक बदलतो : काहींत ठेका यांत्रिक असतो, काहींत मधले संगीतच कापलेले असते. म्हणून नेमाने गाणाऱ्याने हवे ते ट्रॅक विकत घेऊन फोनमध्ये ठेवावेत आणि मोइझेस यासारख्या ॲपमध्ये त्यांची पट्टी आपल्या गळ्याशी जुळवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तीन-चार अर्धस्वरांपलीकडे गेल्यास तबल्याचा नाद बोजड होतो, तेवढे पथ्य पाळावे. पावसाळ्यात इंटरनेट गेले तरी हे ट्रॅक सोबत राहतात.

स्म्यूल या गाण्याच्या ॲपचे काम निराळे आहे. एकाने आपला भाग गाऊन ठेवायचा आणि दुसऱ्याने सवडीने त्यात आपला आवाज मिसळायचा, अशी त्याची रीत असल्यामुळे ज्यांचा भाऊ किंवा मुलगी आखातात आहे, अशा कुटुंबांना ते इतर कशाहूनही जवळचे वाटेल. बैठकीत बसून गाण्यासाठी ते नाही.

कोणतीही सेवा घेतली तरी मायक फोनला न जोडता थेट स्पीकरला जोडावा. आपला आवाज फोनमधून ब्लूटूथमार्गे स्पीकरवर गेला की त्याला सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा उशीर सहज होतो, म्हणजे सुमारे सत्तर मीटर दूर ठेवलेल्या कर्ण्यातून स्वतःला ऐकत गाण्यासारखे ते होते, आणि पक्का लयदारही त्यात घसरतो. ज्या स्पीकरला मायकची स्वतःची खाच आहे, त्यात आवाज तेथल्या तेथे मिसळतो आणि केवळ साथ ब्लूटूथवरून येते, त्यामुळे हा दोष उद्भवत नाही. असा स्पीकर घरात नसेल, तर पहिला खर्च त्यावर करावा आणि वर्गणीचा विचार त्यानंतर करावा.